गल्लीतलं जुनं घर: आवडलं ते ठीक, पण देणार किती?

बेळगावच्या शहापुरातल्या एका गल्लीत पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा मे महिना होता. बाहेर रस्ता तापलेला, आणि आत सोप्यावर पाय ठेवला तर फरशी गार. भिंत हातभर जाड. माजघराच्या दाराला पितळी कडी, मागं परड्यात विहीर, विहिरीवर रहाट. माझ्या तोंडून निघून गेलं, "आहाहा, असलं घर आता मिळत नाही." ते एजंटनं ऐकलं, मालकांच्या मुलानं ऐकलं, आणि चहा येईपर्यंत ९० लाखांचे ९५ झाले.

गल्लीतली जुनी घरं बघायला आता पुन्हा माणसं येतात. कोणी खानापूर, चंदगड, निपाणीकडून नोकरीला आलेले, कोणी गोव्यात नाहीतर पुण्यात आयुष्य काढून परत येऊ म्हणणारे. फ्लॅट नको असतो, शहराबाहेरचा प्लॉट लांब पडतो, मग कोणीतरी सांगतं की अमुक गल्लीत एक घर निघालंय. २०२२ साली आम्ही वर सांगितलेलं घर असंच घेतलं. त्याआधी अकरा घरं बघितली, दोन व्यवहार मोडले, एकदा संचकाराचे, म्हणजे विसाराचे, पैसे अडकले. त्यात जे कळलं ते क्रमानं लिहितो. सगळ्याचा रोख एवढाच, की मालकानं आकडा सांगण्याआधी आपला आकडा आपल्या वहीत असावा, आणि घर आवडल्याचे पैसे त्यात वेगळे दिसावेत.

सोबत काय हवं

हत्यारं साधीच: ३० मीटरचा टेप, ओळंबा, चांगली बॅटरी, लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, एक काचेची गोटी आणि वही.

मालकाकडून मागायचे कागद:

- सीटीएस उतारा, म्हणजे सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, नवीन तारखेचा
- सिटी सर्व्हेचा नकाशा
- महापालिकेचं ई-खाते, म्हणजे मिळकतीची ऑनलाइन नोंद
- चालू वर्षापर्यंतच्या घरपट्टी, पाणीपट्टीच्या पावत्या आणि हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल
- निदान ३० वर्षांची खरेदीपत्रं, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं
- ईसी, म्हणजे ऋणभार प्रमाणपत्र (मिळकतीवर गहाण, बोजा आहे का ते सांगणारं)
- मूळ मालक वारले असतील तर मृत्यूचे दाखले आणि वंशावळ
- भाडेकरू असतील तर करार किंवा भाड्याच्या पावत्या

आणि तीन माणसं: जुनं मराठी आणि आताचं कन्नड दोन्ही वाचणारा वकील, मातीची भिंत बांधलेला गवंडी, आणि म्हातारा सुतार. इंजिनिअर नको असं नाही, पण आमच्या इंजिनिअरनं पाच मिनिटांत "पाडा" म्हणून सांगितलं. त्याला मातीच्या भिंतीचं काम कधी पडलंच नव्हतं.

१. घराआधी गल्ली बघा

एकाच घराला तीन वेळा जा. एकदा सकाळी सातला, एकदा रात्री नऊला, आणि जमलं तर जुलैच्या मुसळधार पावसात. बेळगावात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. मे महिन्यात दाखवलेलं घर म्हणजे नटवून दाखवलेली नवरी.

शहापूर, खासबाग, वडगाव भागात यंत्रमाग आहेत. दुपारच्या सुट्टीत किंवा वीज गेलेली असताना घर बघितलंत तर गल्ली शांत वाटेल. माग चालू असताना शेजारच्या भिंतीला तळहात लावून बघा. खटखट कानाला सवयीची होते, पण भिंतीला होत नाही. गणपत गल्ली, रामदेव गल्ली, खडेबाजार या बाजारपेठेच्या बाजूला तऱ्हा वेगळी. तिथं रोजची गर्दी असतेच, शिवाय शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणपती विसर्जनाचा मार्ग कुठून जातो तेही विचारा. मला स्वतःला ते आवडतं. पण घरात आजारी माणूस असेल तर त्या रात्री गाडी बाहेर काढता येणार नाही, हे आधी कळलेलं बरं.

गल्लीची रुंदी टेपनं मोजा. वाळूचा ट्रॅक्टर आत येत नसेल तर प्रत्येक घमेलं डोक्यावरून आणावं लागेल, आणि दुरुस्तीचा खर्च तिथंच वाढतो. नवीन बांधायला परवानगी किती मजल्यांची मिळेल तेही रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता रुंदीकरणाची रेषा घरातून जाते का, हे महापालिकेत आणि बुडाच्या (बेळगाव नगर विकास प्राधिकरणाच्या) विकास आराखड्यात बघून घ्या. रेषेत गेलेले पुढचे सहा फूट आज तुमच्या ताब्यात असतील, पण त्याचे पैसे मोजू नका.

अजून एक खूण. जुन्या घराला रस्त्यावरून तीन-चार पायऱ्या असायच्या. डांबरावर डांबर आणि वर काँक्रीट चढून रस्ता उंच होत गेला. आम्ही बघितलेल्या एका घराला एकच पायरी उरली होती. बाकीच्या दोन रस्त्याखाली होत्या. तिथं पावसाचं पाणी कुठं जातं हे विचारायची गरजच नव्हती, सोप्याच्या भिंतीवर गुडघाभर उंचीची रेघ होती.

पाणी शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नको. शहराला राकसकोप आणि हिडकलहून पाणी येतं, पण काही वॉर्डांत चोवीस तास आणि काहींत ठरलेल्या दिवशीच. दिवसाआडच्या गल्लीत विहिरीचं मोल वेगळं.

२. उतारा आणि टेप यांची गाठ घाला

गल्लीतली घरं अरुंद आणि लांबट. दर्शनी बाजू पंधरा-सोळा फूट, खोली सत्तर-ऐंशी फूट. मालक टेप धरून सांगतात, "सोळा बाय अठ्ठ्याहत्तर." म्हणजे १२४८ चौरस फूट. आमच्याही मालकांनी हेच सांगितलं आणि मोजलं तर तेवढंच भरलं. पण सीटीएस उताऱ्यावर क्षेत्र होतं १०४.५ चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, तेव्हा झाले ११२५. मधले १२३ चौरस फूट कुठले? मागच्या परड्यातला सफाईचा जुना बोळ. पूर्वी मागून संडास साफ करायला जो बोळ असायचा तो कधीतरी सगळ्यांनी मिळून आपापल्या परड्यात घेतला होता. दर सहा हजार धरला तर हा फरक ७ लाख ३८ हजारांचा. आम्ही उताऱ्यावरच्या क्षेत्राचेच पैसे देणार म्हणून बसलो. मालकांचा मुलगा चिडला, पण शेवटी कबूल झाला.

म्हणून टेपचं माप आणि उताऱ्याचं माप दोन्ही लिहा, कमी असेल ते धरा. शंका असेल तर सिटी सर्व्हेकडे अर्ज करून मोजणी करून घ्या.

दोन्ही बाजूच्या भिंती कोणाच्या, हे याच वेळी विचारा. बहुतेक भिंती सामाईक असतात. सामाईक भिंत पाडता येत नाही, त्यात तुळई घालायची तर शेजाऱ्याची संमती लागते. पागोळ्या कुठं पडतात तेही बघा. आपल्या छपराचं पाणी शेजाऱ्याच्या बोळात पडत असेल आणि कागदात तसा हक्क लिहिलेला नसेल, तर उद्या शेजारी बदलला की भांडण ठरलेलं. आमच्या मालकांच्या आईला मी विचारलं, "आजी, ह्या बाजूचं पाणी कुठं जातंय हो?" त्या म्हणाल्या, "जातंय तिकडंच, सत्तर वर्षं जातंय." सत्तर वर्षं हे उत्तर झालं, कागद झाला नाही. आम्ही पन्हाळ लावून पाणी आपल्याच परड्यात वळवून घेतलं.

कॅम्पातला जुना बंगला कोणी स्वस्तात दाखवला तर हुरळून जाऊ नका. कॅन्टोन्मेंटमधल्या 'ओल्ड ग्रँट' बंगल्यांची जमीन सरकारची असते, मालकी फक्त बांधकामाची. वकिलाला विचारल्याशिवाय तिकडं फिरकूच नका.

३. कागद: मोडी, मराठी, कन्नड

१९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, म्हणून जुनी खरेदीपत्रं मराठीत सापडतात. त्याही मागं गेलात तर मोडी. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं; आमच्या घराच्या सगळ्यात जुन्या कागदावर शिक्का सांगलीचा आहे. मोडी वाचून देणारी मंडळी अजून आहेत, हजार-दोन हजार रुपयांसाठी ते वाचन टाळू नका. आमच्या मोडी कागदात विहिरीत शेजारच्या घराचा अर्धा हिस्सा लिहिला होता. मराठीत नक्कल करताना कोणीतरी ते वाक्य गाळलं होतं.

आताचे कागद कन्नडमध्ये. आपल्यातल्या बऱ्याच जणांना कन्नड बोलता येतं, वाचताना अडतं. काही शब्द वहीत लिहून ठेवा. क्रयपत्र म्हणजे खरेदीपत्र. विभाग पत्र म्हणजे वाटणीपत्र. हक्कु बिडुगडे पत्र म्हणजे हक्कसोडपत्र. चेक्कुबंदी म्हणजे चतुःसीमा. पूर्वक्के, पश्चिमक्के असं लिहून पुढं काय आहे ते असतं. अडी म्हणजे फूट, आणि गोडे म्हणजे भिंत. चेक्कुबंदी स्वतः वाचा आणि गल्लीत उभं राहून ताडून बघा. उत्तरेला ज्याचं घर म्हणून लिहिलंय ते नाव पन्नास वर्षांपूर्वीचं असतं, पण घर तेच असलं पाहिजे.

ईसी कावेरी या कर्नाटक सरकारच्या नोंदणी पोर्टलवर काढता येते. ऑनलाइन नोंदी साधारण २००४ पासूनच्या मिळतात, त्याआधीच्यासाठी उपनिबंधक कार्यालयात अर्ज करून हातानं शोध घ्यावा लागतो. लोक इथंच कंटाळतात. "ऑनलाइन काही नाही, म्हणजे स्वच्छ" असं एजंट म्हणेल. १९९० सालचं गहाणखत ऑनलाइन दिसणार कुठून?

आमच्या वेळी ई-खाते लागत नव्हतं. ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीला ते लागतं, तेव्हा संचकार देण्याआधीच ते निघालेलं असलं पाहिजे. "नंतर काढून देतो" यावर विश्वास ठेवू नका. मालकाचं नाव, सीटीएस नंबर आणि क्षेत्र, या तीन गोष्टी ई-खाते आणि उताऱ्यावर एकसारख्या हव्यात. खाते 'ए' (नियमित मिळकतीचं) आहे की 'बी' (अनियमित मिळकतीचं) तेही बघा. 'बी' असेल तर बँक कर्जाला कुरकुरते.

४. वारस: आत्या कुठं असतात?

आमचा पहिला व्यवहार इथंच मोडला. तीन भाऊ सही करायला तयार, उताऱ्यावर तिघांचीच नावं. वकिलानं विचारलं, "बहिणी किती?" तेव्हा कळलं, दोन. एक कोल्हापुरात, एक म्हापशात. भाऊ म्हणाले, "त्यांचं लग्न कधीच झालं की. त्यांचा काय संबंध?"

संबंध आहे. कर्नाटकानं १९९४ मध्येच त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो सगळ्याच मुलींना मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी होऊन वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. तोंडी वाटण्या आणि साध्या कागदावरच्या याद्या इथल्या घराघरांत आहेत, त्यांच्यावर विसंबू नका.

उपाय दोनच: बहिणींची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं, नाहीतर खरेदीपत्रावर त्यांच्याही सह्या. "त्या येतील सहीला" हे संचकाराआधी फोनवर त्यांच्याच तोंडून ऐका. आम्ही न ऐकता दोन लाख दिले. म्हापशाची बहीण आली नाही, आणि पैसे परत मिळायला चौदा महिने लागले. दोष त्यांचा कमी, माझ्या घाईचा जास्त.

वटमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नीवर) कोणी सही करत असेल तर ज्यानं ते दिलं तो माणूस जिवंत आहे ना, ते तपासा. तो गेला की वटमुखत्यारही संपतं. वारसांत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल असेल तर वकिलाशी आधी बोला. मग एका मराठी आणि एका कन्नड दैनिकात जाहीर नोटीस द्या. नोटिशीचा खर्च थोडा, पण त्यातून रुसलेले चुलते बाहेर येतात.

५. भाडेकरू

पुढच्या खोलीत शिंपी, महिना तीनशे रुपये भाडं, पन्नास वर्षं. हे चित्र तुम्हाला हमखास दिसेल. मालक म्हणेल, "तुम्ही घ्या, तो निघून जाईल." घर रिकामं करून मिळणार असेल तरच बोला. नाहीतर दर्शनी बाजू, जी घराची सगळ्यात किमती बाजू, ती तुमची नाही असं धरूनच हिशेब करा.

६. भिंती, लाकूड, छप्पर

इथं घाई करू नका. अख्खी सकाळ लावा, गवंडी आणि सुतार सोबत घ्या.

भिंती बहुतेक चिऱ्याच्या नाहीतर मातीच्या. दोन्ही टिकतात, पण पाण्याला भितात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात हजारो घरं पडली, त्यांत मातीची फार होती. पाया किंवा माथा भिजला की मातीची भिंत बसते. म्हणून पहिल्यांदा जोत्यापासून ओल किती वर चढलीय ते बघा. फूटभर असेल तर चालतं. कमरेपर्यंत असेल तर का, ते शोधा.

बहुतेक वेळा कारण सिमेंट असतं. जुनी भिंत चुन्याच्या नाहीतर मातीच्या गिलाव्यातून श्वास घेते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी "पक्कं" करायचं म्हणून सिमेंटचा गिलावा मारलेला असतो, वर ऑइल पेंट. आतली ओल बाहेर पडायला वाट नाही, मग ती वर चढते. बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करत जा. जिथं आवाज पोकळ येतो तिथं गिलाव्यानं भिंत सोडलेली असते. नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांवर मारलेला दिसला तर समजा, ओल झाकलीय.

ओळंबा लावा. भिंत थोडी कललेली असणं वेगळं आणि तिला पोट आलेलं असणं वेगळं. मधोमध फुगलेली भिंत दुरुस्त होत नाही, उतरवून पुन्हा बांधावी लागते, आणि ती सामाईक असेल तर शेजाऱ्यासकट.

आता लाकूड. तुळई मधे कशीही दिसो, तिची टोकं बघा. भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, कारण तिथं ओल असते आणि वारा नसतो. माळ्यावर चढून टोकाजवळ स्क्रू ड्रायव्हर दाबा. पाव इंचापेक्षा जास्त आत गेला तर वहीत फुली. आमचा सुतार प्रत्येक तुळईला हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेला. पाचव्या तुळईवर थांबला, पुन्हा ठोकली, कान लावला. "साहेब, बाकी सागवान, ही एकच दुसरी हाय, मागनं घातल्याली." बॅटरी मारली तर खरंच, रंगाखाली रेषा वेगळ्या. टोकाला वाळवीची मातीची नळी, पेन्सिलीएवढी. खालून बघताना पाचही तुळया सारख्याच दिसत होत्या.

छपरासाठी माळ्यावर दिवसा अंधार करून बसा. प्रकाशाचे ठिपके दिसतील तिथून पाणी येतं. आढं मधे खाली वाकलंय का ते रस्त्याच्या पलीकडून बघा, आतून कळत नाही. दोन-चार मंगळुरी कौलं काढून पोटावरचं कारखान्याचं नाव वाचा. जुन्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा आताच्या कौलांशी जुळत नाहीत. दहा टक्के कौलं फुटलेली असतील तर तसलीच जुनी शोधावी लागतात, नाहीतर अख्खं पाखं बदलावं लागतं.

जमिनीवर गोटी सोडा. ती एकाच जागी जाऊन थांबली तर खाली काहीतरी बसलंय. मी गोटी सोडली नव्हती, म्हणून हे सांगतोय. आमच्या माजघरात, शहाबादी फरशीखाली, मागाचा जुना खड्डा निघाला. घर कधीकाळी विणकराचं. पाय घालून बसायचा तो खड्डा कोणीतरी कचरा आणि सैल मातीनं बुजवून वर फरशी घातली होती. फरशी काढली तेव्हा त्यात एक तुटका धोटाही सापडला. तो अजून देवळीत ठेवलाय. खड्ड्यानं खाल्ले सत्तर हजार.

वायरिंग लाकडी पट्टीतून असेल तर सगळं नवीन धरा. ड्रेनेजची जोडणी खरंच आहे का, हे एक बादली पाणी ओतून गल्लीतल्या चेंबरमध्ये बघा. मधल्या खोल्यांत उजेड नसतो, दोन्ही बाजूंनी शेजारी. दोन-तीन काचेची कौलं बसवली की माजघरात दुपारी वाचता येतं. हा सगळ्यात स्वस्त इलाज.

७. आता आकडा काढा

दोन वेगवेगळ्या वाटांनी काढा. आमचे आकडे ठोकळ करून देतो. तुमच्या गल्लीतला दर शेजारच्या तीन-चार खऱ्या व्यवहारांवरून काढा. एजंट सांगतो तो दर बोलायचा, खरेदीपत्रावरचा दर कमी लिहिलेला, खरा मधे कुठंतरी.

पहिली वाट, घर पाडलं तर. ११२५ चौरस फूट गुणिले सहा हजार, ६७ लाख ५० हजार. पण अरुंद लांब जागेचा मागचा भाग पुढच्याइतका किमती नसतो, म्हणून १० टक्के वजा: ६० लाख ७५ हजार. जुनं सागवान विकून अडीच लाख येतील, पाडून माती-दगड हलवायला दोन लाख जातील. झाले ६१ लाख २५ हजार.

दुसरी वाट, घर ठेवलं तर. त्याच भागात तेवढंच, राहायला तयार घर एक कोटीला मिळत होतं. त्यातून दुरुस्तीचा अंदाज २२ लाख वजा. जुन्या घरात अंदाज चुकतोच, म्हणून त्यावर २० टक्के, ४ लाख ४० हजार वजा. दहा महिने भाड्यानं राहायचे १ लाख २० हजार वजा. उरले ७२ लाख ४० हजार.

म्हणजे ६१ च्या खाली मिळालं तर डोळे मिटून घ्या (नाही मिळत). ७२ च्या वर जे द्याल ते विहिरीचे, गार सोप्याचे आणि पितळी कडीचे. ते किती द्यायचे हे नवरा-बायकोनं घरी बसून ठरवा, मालकाच्या सोप्यावर बसून नको. आम्ही दोन लाख ठरवले होते. ९५ वरून सुरू झालेलं बोलणं चार महिन्यांनी ७४ वर थांबलं. दुरुस्ती शेवटी २७ लाखांवर गेली, म्हणजे अंदाज आणि वरचे २० टक्के धरूनही साठ हजार जास्तच. खड्डा आठवतोय ना.

मोहाची दुसरी बाजूही लिहा. चारचाकी कुठं लावणार? उभा जिना सत्तराव्या वर्षी चढवेल का? बाजार पायी पाच मिनिटांवर, हे महिन्याला किती पेट्रोल वाचवतं? आमच्या वहीत 'आईला देवळात एकटीला जाता येईल' ही एक ओळ होती. तिच्यापुढं आकडा घालता आला नाही, पण लिहिली होती.

कर्ज काढणार असाल तर आधी बँकेत जा. जुन्या बांधकामाला मंजूर नकाशा नसतो, आणि बँकेचा व्हॅल्युअर मातीच्या भिंतीला जवळजवळ शून्य किंमत देतो. कर्ज जमिनीच्या मोलावर मिळतं, तेव्हा तुमच्या खिशातली रक्कम फ्लॅटपेक्षा बरीच जास्त लागते.

८. बोलणी, संचकार, नोंदणी

दोष सांगताना घराची निंदा करू नका. त्या भिंतीत मालकाचं बालपण असतं. "भिंत पडायला आलीय" म्हटलं की माणूस बिथरतो. सुताराची यादी पुढं ठेवा, प्रत्येक ओळीपुढं खर्च लिहा, आणि गप्प बसा.

संचकारपत्र स्टँपवर करा. क्षेत्र उताऱ्याप्रमाणे, सगळ्या वारसांची नावं, घर रिकामं करून द्यायची तारीख, आणि वारस सहीला आला नाही तर पैसे किती दिवसांत परत, हे चारही त्यात हवं. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, चेकनं किंवा बँकेतूनच द्या. अर्धे रोखीत मागणारा मालक भेटेलच. आम्ही सरळ नाही म्हटलं.

नोंदणीचा खर्च किमतीत धरायला लोक विसरतात. मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार धरून ५.६, आणि नोंदणी फी. ती आमच्या वेळी १ टक्का होती, ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ झाली. आम्ही ७४ लाखांवर ६.६ टक्क्यांनी ४ लाख ८८ हजार दिले. आज त्याच घराला ५ लाख ६२ हजार लागतील. हे शुल्क तुमची किंमत आणि सरकारचं मार्गदर्शक मूल्य यांतलं जे जास्त त्यावर बसतं, म्हणून ते मूल्य कावेरीवर आधी बघा. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा. राहिला तर नोटीस तुम्हाला येते, मालकाला नाही.

खरेदीपत्र कन्नडमध्ये होणार असेल तर मसुदा दोन दिवस आधी मागा आणि वकिलाकडून ओळीनं मराठीत सांगून घ्या. आमच्या मसुद्यात पूर्व आणि पश्चिम उलटी पडली होती.

९. किल्ली हातात आल्यावर

त्याच आठवड्यात सीटीएस उताऱ्यावर नाव लावायचा अर्ज, ई-खात्यात बदल, हेस्कॉमचं मीटर आणि नळजोडणी नावावर. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट मिळते.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका: आधी छप्पर, मग पाण्याची वाट, मग भिंती, शेवटी फरशी आणि रंग. सिमेंटचा गिलावा खरवडून भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा. शेजारी विचारतील, घर असं नागडं का ठेवलंय? ठेवा.

शाकारणीला माणसं मार्चमध्येच सांगून ठेवा. कौलं परतणारे आता गल्लीत दोन-चारच उरलेत आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात ते सगळ्यांनाच हवे असतात. आम्ही पहिल्या वर्षी उशीर केला. ७ जूनला पहिला पाऊस आला तेव्हा माजघरात सात पातेली मांडली होती, आणि बायको आठवं शोधत होती.